तांबड्या टायरांचा चमत्कार

दोल्गोल या डोंगरातल्या गावाच्या सभागृहापुढे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी मार्चच्या थंडीत या अंगणात चार म्हातारे आणि दोन मांजरं एवढीच काय ती वर्दळ. आज वरच्या वस्तीवरची, धरणापलीकडची, झाडून सगळी माणसं लोटली होती. मधोमध मेजावर डुकराचं उकडलेलं डोकं हसऱ्या तोंडानं बसलं होतं, त्याच्या जबड्यात नोटा खोचल्या होत्या. बाजूला नाशपाती, तांदळाच्या वड्या आणि पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला सुका मासा. नवी गाडी आली की हा विधी इथं होतोच: चारी चाकांवर तांदळाची दारू ओतायची, मासा डिकीत ठेवायचा आणि मगच गाडी रस्त्यावर काढायची. फरक इतकाच की आज गाडी नवी नव्हती. कोबीवाल्या थाकचा तोच जुना छोटा ट्रक होता, आणि त्याच्या नुसत्या चाकांची पूजा चालली होती.

पूजा करत होते श्वेतमेघ गुरू. पांढरा झगा, छातीवर रुळणारी दाढी, हातात ध्वनिक्षेपक. ताएबेकच्या डोंगरातल्या गुहेत बारा वर्षं ध्यान केलं म्हणे. बाराव्या वर्षी डोंगरदेव प्रसन्न झाला आणि त्यानं टायरांचं गुपित सांगितलं. गुहेत बसलेल्या माणसाला डोंगरदेवानं नेमकं टायरांबद्दलच का सांगावं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"टायर म्हणजे गाडीचे तळपाय," गुरू सांगत होते. "तुमच्या गाड्यांचे तळपाय उपाशी आहेत, म्हणून त्या डिझेल खातात. माझ्या टायरांचं पोट डोंगरानं भरलंय. त्यांना डिझेलची वासनाच उरलेली नाही."

मग थाक पुढं आला आणि घसा खाकरून त्यानं आकडा सांगितला. आधी लिटरमागे साडेनऊ किलोमीटर जायचा, या टायरांवर पावणेअकरा जातो. गर्दीतून एकच हुंकार उठला. कुणी हात जोडले, कुणी लगेच आपल्या गाडीकडे वळून पाहिलं. ट्रकच्या टायरांच्या बाजूंवर गुरूंनी शेंदरासारख्या तांबड्या रंगानं मंत्राक्षरं रंगवली होती, आणि प्रत्येकावर तीन शिखरांचा एक डोंगर. थाकची चाकं नवरीच्या पावलांसारखी दिसत होती.

सगळ्यांत मागं यॉनजू उभी होती. सहा वर्षांच्या दासोमचा हात तिच्या हातात होता. यॉनजू गावच्या बालवाडीच्या पिवळ्या गाडीवर सोबतीण होती. नऊ मुलांना घरोघरून उचलायचं, पट्टे लावायचे, कुणाचं नाक पुसायचं, कुणाचा एकच बूट शोधायचा आणि धरणाच्या काठानं त्यांना खालच्या गावातल्या बालवाडीत पोचवायचं, हे तिचं काम. त्या नवांत एक तिची स्वतःची. तिला गुरूंच्या दाढीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण हा माणूस दरवर्षी मार्चमध्येच का उगवतो, हे तिच्या डोक्यात कालपासून घोळत होतं. मागच्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यात आला, तोही मार्चमध्येच. नोव्हेंबरात, बर्फ तोंडावर असताना, टायरांचा गुरू कुठं जातो?

तिनं हे हळू आवाजात सासूबाईंना विचारलं. ओकबुनबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या हातातली दारूची वाटी सांभाळत रांगेत सरकत होत्या. त्यांचा नवरा वीस वर्षांपूर्वी धरणाच्या वळणावर गाडीसकट गेला होता. तेव्हापासून या घरातलं एकही चाक त्यांच्या हातच्या दारूशिवाय रस्त्यावर आलं नव्हतं. गुरूंनी हे कुठूनतरी ऐकलं असावं. ओकबुनबाई पुढं येताच त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, त्या वळणावर कुणीतरी अजून थांबलंय, आजी, त्याला शांत करायला हवं.

म्हातारीचे डोळे भरून आले.

गावाला तरी दोष कसा द्यायचा? बालवाडीच्या गाडीला तालुक्याकडून वर्षाचं डिझेल ठरवून मिळायचं. जानेवारीत ते संपलं आणि गाडी आठवडाभर उभी राहिली. पुन्हा असं झालं तर गाडीच बंद करू, असं कचेरीनं कळवलं होतं. गाडी बंद म्हणजे वरच्या वस्तीची मुलं घरी, आणि आज ना उद्या बालवाडीला कुलूप. त्यात गाडीचे जुने टायर झिजून गुळगुळीत झालेले. वर्षातून दोनदा उन्हाळी-हिवाळी टायर बदलण्यापेक्षा आता बारमाही टायर घालू, ऊन-पाऊस-बर्फ सगळ्याला एकच, असं पालकांचं ठरलंच होतं. कुठले घालायचे एवढाच प्रश्न होता, आणि तेवढ्यात उत्तर झगा घालून दारात आलं.

गावप्रमुख प्यो यांनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन जाहीर केलं: गुरू बालवाडीच्या गाडीला चारही टायर सेवा म्हणून बसवून देणार आहेत. दहा दिवस चालवून बघायचे. अकराव्या दिवशी आकडा बघून सगळं गाव आपापल्या गाड्यांसाठी नावं नोंदवेल. गुरूंनी हसून मान डोलावली आणि दोन पथ्यं सांगितली. तांबडी अक्षरं शंभर दिवस पुसायची नाहीत. आणि हवेला कुणी हात लावायचा नाही, कारण टायरात जी आहे ती हवा नसून डोंगराचा श्वास आहे.

डोंगराचा श्वास त्यांनी कॉम्प्रेसरनं भरला.

पिवळ्या गाडीचा चालक चो काका. साठी उलटलेली, बायको गेलेली, गाडी हाच संसार. त्यांच्या डॅशबोर्डच्या खणात एक वही असायची. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किती किलोमीटर झाले ते लिहायचं, पुन्हा भरायची, भागाकार करायचा. हे त्यांचं वर्षानुवर्षांचं व्रत. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, आणि आकडा खोटं बोलू शकतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गाडीतल्या मुलांचा एक रोजचा खेळ होता. वरच्या वस्तीच्या फाट्यावर चो काका मीटर शून्यावर आणायचे, आणि बालवाडीच्या फाटकात गाडी शिरली की नऊही जणं तो आकडा वाचून दाखवायची. आकडे शिकवायची काकांची ही पद्धत. रोज एकच उत्तर यायचं: अकरा पूर्णांक दोन. ते म्हणताना गाडी दणाणून जायची.

नवीन टायरांच्या पहिल्या सकाळी गाडी फाटकात शिरली, मुलांनी तोंडं उघडली आणि अडखळली. चौघं जुनंच ओरडली. दासोम मात्र मान उंच करून बघत राहिली.

"अकरा पूर्णांक सात," ती म्हणाली. मग तिनं खिडकीबाहेर बालवाडीकडे बघितलं आणि आईला विचारलं, "आई, शाळा लांब गेली का?"

सगळे हसले. चो काकाही हसले, म्हणाले, चाकं आनंदात आहेत पोरी, उड्या मारत येतात. यॉनजू पट्टे सोडवत होती. तिचा हात बकलवरच थांबला. रस्ता तोच, फाटा तोच, फाटक तेच. मधे कुठं वळसा नाही. अर्धा किलोमीटर आला कुठून?

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पाहिलं. अकरा पूर्णांक सात. तिसऱ्या दिवशीही तेच. काकांना तिनं विचारलं तर ते जरा चिडले. सूनबाई, तू मुलांची नाकं पूस, मीटरचं मी बघतो, असं म्हणून त्यांनी वही तिच्यासमोर धरली. पहिल्याच टाकीला आकडा नवावरून दहाच्या वर गेला होता. त्याखाली काकांनी दोनदा रेघ ओढली होती.

सहाव्या दिवशी बर्फ पडलं. मार्चच्या शेवटी इथं असं होतंच. वसंताचा हेवा वाटून थंडी एकदा मागं वळून बघते. फार नव्हतं, टाचेएवढं. चो काकांनी असल्या बर्फात तीस वर्षं गाडी चालवलेली. धरणाच्या वळणावर त्यांनी नेहमीसारखा हलका ब्रेक लावला.

गाडी वळली नाही.

ती सरळ निघाली, अगदी शांतपणे, ओल्या हातातून साबणाची वडी निसटावी तशी. यॉनजू सीटवरून उठून मधल्या दोन मुलांवर आडवी पडली, कारण तिचे हात तेवढ्यांपर्यंतच पोचत होते. दासोम मागच्या ओळीत होती. दासोमपर्यंत ते पोचले नाहीत. पुढचं चाक कडेच्या खडीत रुतलं आणि गाडी थांबली. कठडा वीतभर राहिला होता. त्याच्या पलीकडे धरणाचं पाणी, वर पातळ बर्फाची साय.

नऊही जणं धड होती. एकानं विचारलं, पुन्हा करायचं का? यॉनजू मागं गेली आणि दासोमच्या पट्ट्यावर हात ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. पट्टा घट्ट होता. तिनं तो पुन्हा पुन्हा ओढून पाहिला.

दुपारी गुरू आले. त्यांनी वळणावर तांदूळ उधळले, डोळे मिटले आणि निदान केलं. टायरांत दोष नाही. गाडीत कुणीतरी संशय घेऊन बसतं, संशयानं श्वास फाटतो. बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते, पण सगळं गाव यॉनजूकडे बघत होतं. प्योसाहेब तर म्हणाले, दहा दिवस होईपर्यंत सूनबाईंनी घरी थांबलेलं बरं.

घरी आल्यावर सासूबाईंनी भात वाढला आणि यॉनजूच्या वाटीवर अंड्याचा तुकडा जरा जास्तच ठेवला.

संध्याकाळी दासोमला बालवाडीतून आणायला यॉनजू शेजाऱ्यांच्या गाडीतून खाली गेली. पिवळी गाडी फाटकापाशी एकटीच उभी होती. ज्या दारातून ती रोज नऊ जणांना चढवायची, त्या दाराच्या चौकटीवर एक छोटा कागद चिकटवलेला होता. तीन वर्षं तो तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिनं तो कधी वाचला नव्हता. टायरचं माप: २१५/७०, सोळा इंची. हवा: छत्तीस.

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि पिशवीतून ओल्या पुसण्यांचं पाकीट काढलं. लहान मूल असलेली बाई जगात कुठंही गेली तरी तिच्या पिशवीत ते असतंच. गुडघ्यावर बसून तिनं डोंगरदेवाची अक्षरं पुसायला घेतली. रंग चिवट होता, चार पुसण्या तांबड्या झाल्या. खालून रबरातली खरी अक्षरं वर आली: २१५/६०, सोळा इंची.

तिथूनच तिनं तालुक्याच्या टायरवाल्याला फोन लावला. माणूस तुसडा होता, पण त्यानं सांगितलं ते सरळ. साठ म्हणजे बुटका टायर. चाक लहान होतं. आणि बर्फात चालणाऱ्या खऱ्या बारमाही टायरवर डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा कण, असा शिक्का रबरातच उठवलेला असतो, तो आहे का बघा. नव्हता. जिथं असायला हवा तिथं गुरूंनी हातानं काढलेला डोंगर होता. मग टायरवाल्यानं विचारलं, बाजूला लांबट चौकटीत चार आकडे दिसतात का? तिनं आणखी पुसलं आणि वाचले. शेवटचे दोन आकडे म्हणजे टायर बनल्याचं साल, तो म्हणाला.

टायर आठ वर्षांचा होता. दासोमपेक्षा दोन वर्षांनी मोठा.

फोन ठेवून ती उठली तर मागं चो काका उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ती काही बोलायच्या आत ते हत्यारांच्या पेटीकडे गेले, हवा मोजायची नळी घेऊन आले आणि त्यांनी टायरच्या तोंडाला लावली. काटा पंचावन्नवर जाऊन थांबला. काकांनी चारही चाकं मोजली. मग पायरीवर बसून म्हणाले, "मी दगडांवर चालवत होतो पोरांना."

दुसऱ्या दिवसापासून गाडी निघाली नाही. इंजिनाचं काम आहे, असं चो काकांनी सांगितलं. आयुष्यातलं त्यांचं ते पहिलं खोटं असावं, कारण सांगताना कानांपर्यंत लाल झाले. अकराव्या दिवशी नावं नोंदवायला गाव बालवाडीच्या अंगणात जमलं, तेव्हा त्यांनी आपली दोन चाकं तिथं आणून ठेवली होती. एक गाडीवरचं तांबडं. दुसरं जुनं, झिजलेलं. वाईट ऊर्जा असते म्हणून गुरूंनी न्यायला मागितलेलं, पण काका साधा खिळा टाकून देत नाहीत.

गुरू खुर्चीवर बसले होते. प्योसाहेबांनी यादीचा कागद उघडला. तेव्हा यॉनजू पुढं आली आणि म्हणाली, नावं लिहायच्या आधी मुलांना एक खेळ खेळू द्या.

तिनं दोन्ही चाकांवर खडूनं एकेक रेघ मारली. जमिनीवर एक आडवी रेघ ओढली. दोन्ही चाकं त्या रेघेवर उभी केली, आणि मुलांना सांगितलं की चाक ढकलत न्यायचं, खडूची रेघ जमिनीला दहाव्यांदा लागली की थांबायचं. मुलं मोजत निघाली. एक, दोन, तीन. दहा म्हणून दोन्ही गट थांबले, आणि सगळ्यांनी पाहिलं. तांबडं चाक जुन्या चाकाच्या चांगलं मीटरभर मागं राहिलं होतं.

यॉनजूला भाषणाची सवय नव्हती. मुलांशी बोलावं तसंच ती बोलली. गाडीतला मीटर रस्ता बघत नाही, ती म्हणाली. तो चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं आहे असं समजून प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं अंतर मांडतो. आपण चाक लहान बसवलं, पण मीटरला ते कुणी सांगितलं नाही. म्हणून तोच रस्ता चालायला जास्त फेरे लागले आणि मीटरनं अंतर जास्त मांडलं. डिझेल तेवढंच जळालं, किलोमीटर मात्र कागदावर वाढले.

"आणि बाकीचं?" थाकनं विचारलं. त्याचा आवाज उतरला होता. "माझा तर सवा किलोमीटर वाढला."

त्याचं उत्तर चो काकांनी दिलं. हवा ठासून भरली की टायर कडक होतो, जरा सुटा पळतो, थोडं डिझेल खरंच वाचतं. पण तो रस्त्याला धरत नाही, आणि बर्फात तर मुळीच नाही. उरलेलं काम मार्च महिन्यानं केलं. जानेवारीत तू सकाळी अर्धा तास इंजिन तापवत बसायचास. आता किल्ली फिरवतोस आणि निघतोस. त्याचं श्रेयही गुरूंनीच घेतलं.

गुरू उठले. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मापं माणसांची असतात, बाई. शक्ती डोंगराची असते. मीटरभर कमी पडलं ते तुमच्या श्रद्धेत."

गर्दीत चुळबुळ झाली. दोनचार माना पुन्हा त्यांच्या बाजूनं डोलू लागल्या. इतक्यात ओकबुनबाई वाकत वाकत तांबड्या चाकापाशी गेल्या. त्यांना वाचायला त्रास व्हायचा, म्हणून त्यांनी पुसलेल्या जागेवरचे उठावदार आकडे बोटांनी चाचपले.

"माझ्या माणसाच्या नावानं तुम्ही हे रंगवलंत," त्या म्हणाल्या. "मी चारी चाकांवर दारू ओतली. माझी नात आत बसणार म्हणून ओतली. मला खाली काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का?"

गुरूंनी प्योसाहेबांकडे पाहिलं. प्योसाहेबांनी यादीचा कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या खिशातून फोन काढून तालुक्याच्या चौकीचा नंबर लावला. शिपाई येईपर्यंत गुरूंना बालवाडीतल्या छोट्या खुर्चीवर बसवून ठेवलं. तोवर थाकनं फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गुरूंच्या ट्रकवरची ताडपत्री वर केली. आत तांबड्या रंगाचे दोन डबे, कुंचले, आणि ठिकठिकाणच्या दुकानांनी टाकून दिलेले, भलत्याच मापांचे जुने टायर रचून ठेवले होते.

आठवड्यानं पिवळ्या गाडीला योग्य मापाचे बारमाही टायर बसले, हिमकणाचा शिक्का असलेले. तुसड्या टायरवाल्यानं बसवतानाच बजावलं होतं: बर्फ धरायचं तर रबर मऊ हवं, आणि मऊ रबर जरा जास्त इंधन मागतं. दोन्ही मिळेल असं सांगणाऱ्याकडून आधी दाखवून घ्या. चो काकांच्या वहीत आकडा आला आठ पूर्णांक आठ. काकांनी त्याखाली रेघ ओढली नाही. पण तीच वही, थापांचे ते दिवस काट मारून वगळलेले, पालकांनी कचेरीत नेली. खऱ्या आकड्यांवर वाढीव डिझेलचा अर्ज केला आणि तीन हेलपाट्यांनंतर तो मंजूर करून आणला. डिझेल हवं होतं तर ते मागायला हवं होतं. डोंगराकडे नव्हे, कचेरीकडे.

ओकबुनबाईंनी नव्या चाकांवरही दारू ओतली. यॉनजूनंच वाटी भरून दिली. म्हातारीच्या त्या धारेत नातीची काळजी होती, आणि काळजी कुणाला फसवत नाही. तिचा धंदा करणारा फसवतो. फक्त ओतण्याआधी त्या म्हणाल्या, थांब, आधी हवा बघ. काटा छत्तीसवर आला, तेव्हाच त्यांनी वाटी तिरपी केली.

चमत्काराचा आकडा समोर आला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे मोजलं कशानं, आणि जे झाकलंय ते का झाकलंय? विचारल्यानं खऱ्या गोष्टीचं काही बिघडत नाही. आणि हसण्यासारखा प्रश्न घरातल्या पोरानं विचारला तर हसून घ्या, पण मग जागेवरून उठा आणि त्याचं उत्तर शोधा. दोल्गोलमधली नऊ मुलं आज शाळेत जातात ती एका आईनं ते शोधलं म्हणून.